फिरत्या कंडेन्सेटमध्ये भोवरे उमटत नाहीत किंवा भलतेच उमटतात: बिघाड कुठे शोधायचा

कंडेन्सेट म्हणजे अतिशीत अणूंचा असा ढग, ज्यात सगळे अणू एकाच क्वांटम अवस्थेत असतात; तो फिरवला की फिरणं भोवऱ्यांच्या रूपात आत येतं. संगणकावर ते काढताना लक्षण असं असतं. ग्रॉस-पिटाएव्स्की समीकरण (कंडेन्सेटच्या तरंगफलाचं समीकरण) दोन मितींत, फिरत्या चौकटीत मांडलेलं. गोल हार्मोनिक ट्रॅप, अणूंमधल्या परस्परक्रियेचा स्थिरांक जी ५००, फिरण्याचा वेग ओमेगा ०.८ (ट्रॅपची कंप्रता १ धरून). इमॅजिनरी टाइममध्ये (काळ काल्पनिक संख्या धरून, म्हणजे अवस्था कमी ऊर्जेकडे झिजत जाते) कोड चालतो, ऊर्जा खाली येते, सपाट होते आणि थांबते. चित्र उघडलं की मधोमध एक गुळगुळीत गोल ढग. एकही भोवरा नाही. आणि ज्या शोधनिबंधावरून हे आकडे घेतलेले असतात, तिथे मात्र तीसेक भोवऱ्यांची देखणी त्रिकोणी जाळी छापलेली असते.

अतिशीत वायूंवर प्रकल्प करणारे विद्यार्थी हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि त्यांना मिळणारं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "सुरुवातीला थोडा नॉइज टाक." हा उपाय कधी लागू पडतो, कधी पडत नाही, आणि पडला तरी का पडला हे कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी माणूस पुन्हा तिथेच अडकतो. म्हणून कारणांसकट लिहितो. भोवरा ऊर्जेच्या हिशेबात परवडणं ही एक गोष्ट आहे आणि त्या भोवऱ्याला आत शिरायला वाट असणं ही दुसरी. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक दुसऱ्या गोष्टीच्या असतात, पण लोक शोधत बसतात पहिलीत.

कोडला हात लावण्याआधी कागदावर

थॉमस-फर्मी अंदाजाने (गतिज ऊर्जा नगण्य धरून) चार आकडे काढायला पाच मिनिटं लागतात. ही पाच मिनिटं वाचवू नका, कारण पुढचं सगळं निदान याच आकड्यांवर उभं आहे.

ढग फिरत नसेल तर रासायनिक विभव (एक अणू वाढवायला लागणारी ऊर्जा) म्हणजे (जी भागिले पाय) याचं वर्गमूळ, १२.६. त्रिज्या त्याच्या दुपटीचं वर्गमूळ, म्हणजे ५.०. दर अणूमागे ऊर्जा साडेआठच्या आसपास. केंद्राजवळची हीलिंग लेंग्थ (ज्या अंतरात घनता शून्यावरून सावरते ते अंतर) ०.२०.

भोवऱ्यांची पूर्ण जाळी बसली असेल तर ढग सरासरीने घन पदार्थासारखा फिरतो. केंद्रोत्सारी परिणामामुळे ट्रॅप ढिला पडतो, त्याचा जोर १ वजा ओमेगाचा वर्ग, म्हणजे ०.३६ एवढाच उरतो. त्रिज्या वाढून ६.५ होते. भोवऱ्यांची संख्या फाइनमनच्या नियमाने ओमेगा गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे ३४ च्या जवळ. काठावरचे काही विरळ भागात हरवतात, तेव्हा प्रत्यक्षात थोडे कमी दिसले तर घाबरू नका. शेजारच्या दोन भोवऱ्यांमधलं अंतर २.१, केंद्राजवळची हीलिंग लेंग्थ ०.२६. दर अणूमागे कोनीय संवेग भोवऱ्यांच्या संख्येच्या एक तृतीयांश, म्हणजे ११ च्या आसपास किंवा जरा खाली. ऊर्जा ६.१ च्या जवळपास.

आता तुमच्या निकालातून तीनच गोष्टी काढा: ढगाची त्रिज्या, दर अणूमागे कोनीय संवेग, आणि फेजचं चित्र. घनतेचं चित्र सगळ्यात सुंदर असतं आणि निदानाला सगळ्यात कमी उपयोगाचं.

त्रिज्या ५, संवेग शून्य, फेज सपाट

हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. इथे ओमेगा कोडपर्यंत पोचलेलाच नसतो, किंवा पोचून निष्प्रभ झालेला असतो.

कोनीय संवेगाचा कारक म्हणजे कोनाच्या दिशेने घेतलेलं अवकलन. सुरुवातीचं तरंगफल जर गोल सममित गॉसियन असेल तर ते कोनाबरोबर बदलतच नाही, अवकलन शून्य येतं, आणि ओमेगा ०.८ लिहा की ० लिहा, समीकरणाला फरक पडत नाही. गुळगुळीत गोल तांब्या आपल्याच अक्षाभोवती फिरवावा आणि आतल्या पाण्याला घर्षणच नसावं, तसं हे आहे. इमॅजिनरी टाइम वरच्या ऊर्जेचे घटक झिजवतो. जो घटक सुरुवातीला शून्य आहे तो शून्यच राहतो. एका भोवऱ्याची अवस्था गॉसियनमध्ये नावालाही नसते, मग ती येणार कुठून?

उपाय म्हणजे सममिती मोडणं, आणि ती नीट मोडणं. थॉमस-फर्मी आकाराच्या प्रत्येक बिंदूवर लहानसा यादृच्छिक फेज द्या. किंवा गणिती निबंधांमध्ये रूढ असलेली सुरुवात घ्या: (१ वजा ओमेगा) पट साधा गॉसियन, अधिक ओमेगा पट (एक्स + आय वाय) ने गुणलेला गॉसियन (आय म्हणजे उणे १ चं वर्गमूळ). दुसरी सुरुवात मला जास्त आवडते, कारण तिच्यात एक भोवरा मुळातच असतो. पण ती एकटी वापरू नका, का ते पुढे येईल.

याच लक्षणाचं आणखी एक कारण आहे आणि ते निव्वळ प्रोग्रॅमिंगचं आहे. न फिरणाऱ्या कंडेन्सेटचा जुना कोड घेऊन त्यात फिरण्याचं पद जोडलं असेल तर तरंगफलाचा अ‍ॅरे वास्तव संख्यांचा जाहीर केलेला असू शकतो, कारण जुन्या प्रश्नाला तेवढं पुरत होतं. फिरण्याचं पद काल्पनिक भाग निर्माण करतं आणि अ‍ॅरे तो प्रत्येक पावलाला फेकून देतो. पायथनमधलं नम्पाय यावर एक इशारा छापतं, जो शेकडो ओळींच्या आउटपुटमध्ये वर निघून जातो. फोरट्रान तर गुपचूप वास्तव भाग ठेवून पुढे जातो. घोषणेची ओळ आधी बघा, बाकीचं नंतर.

तिसरं कारण थांबण्याच्या अटीत असतं. सममित अवस्था ही एक ऊर्जेची पायरी आहे. ऊर्जा साडेआठला येऊन बराच काळ सपाट राहते, आत कुठेतरी लहानशी विषमता वाढत असते, आणि मग आलेख एकदम खाली घसरतो. "दोन पावलांमधला फरक एक दशलक्षांशापेक्षा कमी झाला की थांब" अशी अट असेल तर कोड पायरीवरच थांबतो. शिवाय टाइम स्टेप ०.००१ असेल तर दोन पावलांमधला फरक पाऊल लहान आहे म्हणूनच लहान दिसतो! फरकाला टाइम स्टेपने भागा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे हॅमिल्टोनियन लावलेल्या तरंगफलातून रासायनिक विभव पट तरंगफल वजा करा आणि उरलेला अवशेष मोजा. तो खरोखर शून्याकडे जातोय का, एवढंच खरं.

नॉइज टाकला, तरीही नाही

समजा ओमेगा ०.३ आहे. पहिला भोवरा ऊर्जेच्या दृष्टीने कधी परवडतो याचं सूत्र असं: २ भागिले त्रिज्येचा वर्ग, गुणिले (०.८८८ × त्रिज्या ÷ हीलिंग लेंग्थ) याचा नैसर्गिक लॉगरिदम. आपल्या आकड्यांना उत्तर येतं ०.२५. म्हणजे ०.३ ला भोवरा परवडतो. विद्यार्थी नॉइज टाकतो, वाट बघतो, नॉइज झिजून जातो आणि गुळगुळीत ढग परत येतो. मग संशय सूत्रावर येतो.

सूत्र बरोबर आहे. पण भोवरा काठावरून आत येतो, आणि काठापासून केंद्रापर्यंतच्या वाटेवर ऊर्जेचा चढ आहे. हा चढ नाहीसा व्हायला ढगाच्या पृष्ठभागावरची एखादी लाट स्वतःहून वाढू लागली पाहिजे. थॉमस-फर्मी हिशेबात दोन पाकळ्यांची लाट ओमेगा ०.७१ च्या वर वाढते, तीन पाकळ्यांची ०.५८ च्या वर, चार पाकळ्यांची ०.५ च्या वर. पाकळ्या वाढल्या की उंबरठा उतरतो, पण अमर्याद नाही. ढगाच्या काठाला जाडी असते, म्हणून तो कुठेतरी थांबतो, आणि त्याचा तळ पहिल्या भोवऱ्याच्या ०.२५ च्या वरच राहतो. या दोन मर्यादांमधल्या पट्ट्यात गुळगुळीत ढग हा एक खराखुरा खड्डा आहे, फक्त सगळ्यात खोल खड्डा नाही. तिथे लहान नॉइज कितीही वेळा टाकला तरी तो झिजणारच. त्या पट्ट्यात भोवरा आपण हाताने ठेवायचा, (एक्स + आय वाय) ची सुरुवात घ्यायची, आणि दोन्ही निकालांच्या ऊर्जा शेजारी ठेवून बघायच्या.

प्रयोगशाळेतही हेच घडलं होतं, आणि म्हणून हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. २००० साली पॅरिसच्या एकोल नोर्माल सुपेरिअरमध्ये जाँ दालिबार यांच्या गटाने रुबिडियम ८७ चं कंडेन्सेट लेझरच्या झोताने ढवळलं. आडवी कंप्रता २१९ हर्ट्झ. ऊर्जेच्या हिशेबाने पहिला भोवरा ९० हर्ट्झच्या आसपास दिसायला हवा होता. दिसला तो १४७ हर्ट्झला. त्यांचा झोत ढगाला किंचित लंबगोल करत होता, म्हणजे दोन पाकळ्यांच्या लाटेलाच हात घालत होता, आणि तिचा अनुनाद २१९ ला दोनच्या वर्गमूळाने भागून १५५ हर्ट्झला येतो. भोवरा वाट सापडली तिथे आला. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या गटाने ढवळणाऱ्या झोताची जाडी बदलून पाहिली. ढगाच्या मानाने बारीक झोत वापरला तेव्हा पृष्ठलाटांच्या उंबरठ्याखालीही भोवरे निघाले, कारण बारीक झोत ढगात शिरून जागच्या जागी भोवरे काढू शकतो. तिसरी वाट बोल्डरच्या जिला प्रयोगशाळेने २००१ मध्ये काढली: कंडेन्सेट ढवळायचंच नाही, आधी गरम वायू फिरवायचा आणि तो फिरत असतानाच बाष्पीभवनाने थंड करायचा, म्हणजे कंडेन्सेट जन्मतःच फिरतं. तिथे चढाचा प्रश्नच येत नाही.

ढग फुगला आहे, गोल आहे, आणि भोवरे शून्य

माझ्या मते हा सगळ्यात फसवा दोष. त्रिज्या मोजली तर बरोबर साडेसहा भरते. ओमेगा वाढवला की ढग आणखी फुगतो, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखा. ओमेगा १ च्या जवळ नेला की पसरून फुटतो. म्हणजे फिरण्याचं पद काम करतंय असं कुणालाही वाटेल. ऊर्जा ५.१ येते, म्हणजे अपेक्षित ६.१ पेक्षाही खाली, आणि इमॅजिनरी टाइममध्ये खाली म्हणजे चांगलं या समजुतीने माणूस निर्धास्त होतो. अवशेषही शून्याकडे जातो. नॉइज टाका, बी (यादृच्छिक आकड्यांचा सीड) बदला, ग्रिड बारीक करा, भोवरा काही येत नाही.

इथे फेजचं चित्र उघडा. मधोमध घोड्याच्या खोगिरासारखा आकार दिसेल, समान फेजच्या रेषा अपास्त वक्रांसारख्या चारी कोपऱ्यांकडे वळलेल्या. हे दिसलं की दुसरीकडे शोधूच नका: फिरण्याच्या पदातल्या दोन तुकड्यांपैकी एकाचं चिन्ह उलटं आहे.

फूरिए पद्धतीत हे पद दोन दिशांमध्ये वाटून घेतात (के-एक्स आणि के-वाय म्हणजे त्या दिशांचे तरंगांक). एक्सच्या पावलात के-एक्सच्या वर्गाच्या निम्म्यात ओमेगा × वाय × के-एक्स मिळवायचं. वायच्या पावलात के-वायच्या वर्गाच्या निम्म्यातून ओमेगा × एक्स × के-वाय वजा करायचं. एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे. दोन्हीकडे चिन्हं एकदम उलटली तर फारसं बिघडत नाही, भोवरे उलट्या दिशेने फिरतात एवढंच. पण दोन्हीकडे उणे पडलं तर जे पद तयार होतं ते फिरवत नाही. वर्ग पूर्ण करून पाहिलं की त्याचं सदिश विभव (ओमेगा × वाय, ओमेगा × एक्स) असं येतं. त्याचा कर्ल, म्हणजे भोवती फिरण्याचं माप, शून्य! फिरण्याच्या खऱ्या पदाचा कर्ल ओमेगाच्या दुप्पट असतो आणि भोवऱ्यांची गरज नेमकी त्यातूनच निर्माण होते. शून्य कर्लचं विभव तरंगफलाला ओमेगा × एक्स × वाय एवढा फेज देऊन पूर्ण पुसता येतं, आणि मागे उरतो तो फक्त ढिला पडलेला ट्रॅप. म्हणून ढग फुगतो, म्हणून फेजमध्ये खोगीर दिसतं, आणि म्हणूनच भोवरे कधीच येत नाहीत. ५.१ हा आकडाही इथूनच येतो: न फिरणाऱ्या ढगाची साडेआठ ऊर्जा गुणिले ०.६, कारण उरलेल्या ट्रॅपची कंप्रता ०.३६ चं वर्गमूळ.

खात्री करायला कोनीय संवेग वेगळ्या, स्वतंत्रपणे लिहिलेल्या फंक्शनने मोजा. तो शून्य येईल. हा तपास तयार आणि बरोबर कोडशी ताडूनही करता येतो. किशोर कुमार, लोंचर, मुरुगानंदम, अधिकारी आणि बालाझ यांनी फिरत्या कंडेन्सेटसाठी लिहिलेले सी आणि फोरट्रानचे प्रोग्रॅम २०१९ पासून सर्वांसाठी खुले आहेत.

भोवरे आले, पण चार, आठ, बारा

सममित गॉसियनपासून सुरुवात केली आणि कोड पुष्कळ वेळ चालू ठेवला तर कधीकधी भोवरे आपोआप येतात. तेव्हा सममिती मोडलेली असते ती संगणकाच्या गोलाकरणाच्या चुकांनी आणि चौकोनी ग्रिडने. चौकोनी ग्रिडला चार बाजू, म्हणून भोवरेही चारच्या पटीत आणि चौपदरी नक्षीत. दिसायला फार रेखीव दिसतं आणि त्यामुळेच ते छापलं जाण्याचा धोका असतो. यादृच्छिक फेजने सुरुवात करून बघा. नक्षी बदलली तर ती ग्रिडची होती.

ग्रिड जाड असेल तर हाच आजार दुसऱ्या रूपात येतो. भोवऱ्याचा गाभा हीलिंग लेंग्थएवढा, आपल्याकडे ०.२६. ग्रिडमधलं अंतर ०.३ ठेवलं तर गाभा दोन बिंदूंच्या मध्ये मावतो, तिथे अडकून बसतो आणि जाळी ग्रिडच्या रेषांना धरून उभी राहते. ०.१ ठेवा. उणे १२.८ ते १२.८ पर्यंत २५६ बिंदू, म्हणजे अंतर आणि पेटीचा आकार दोन्ही साधतात.

पेटीबद्दल एक वाक्य जास्त लिहितो. फूरिए पद्धत पेटी एकमेकींना जोडलेल्या धरते, पण फिरण्याचं पद एक्स आणि वाय यांच्यावर अवलंबून आहे, ते कडेला जोडलं जात नाही. ढग कडेला टेकला की तिथे खोटे प्रवाह निघतात आणि भोवरे भिंतीला चिकटून रांगेत उभे राहतात. ओमेगा ०.९५ केला तर त्रिज्या ९ होते. म्हणजे ०.८ ला पुरलेली उणे ८ ते ८ ची पेटी तिथे अजिबात पुरत नाही. ओमेगा १ ला तर हार्मोनिक ट्रॅपमध्ये ग्राउंड स्टेटच उरत नाही. त्यापलीकडे जायचं असेल तर चौथ्या घाताचं विभव जोडावं लागतं, पॅरिसच्या गटाने २००४ मध्ये जोडलं होतं तसं.

प्रत्येक वेळी संख्या वेगळी येते

हा बिघाड नाही. ३० भोवऱ्यांची एक मांडणी आणि ३१ भोवऱ्यांची दुसरी यांच्या ऊर्जांमध्ये अगदी किरकोळ अंतर असतं, आणि मध्ये पुन्हा तोच काठावरचा चढ असतो. इमॅजिनरी टाइम तुम्हाला जवळच्या खड्ड्यात नेऊन सोडतो, सगळ्यात खोल खड्डा शोधून देत नाही. म्हणूनच एकाच सुरुवातीवर अवलंबून राहू नका असं वर म्हटलं. वेगवेगळ्या बिया, वेगवेगळ्या सुरुवाती, प्रत्येक निकाल पूर्ण स्थिरावेपर्यंत चालवलेला, आणि मग सगळ्यात कमी ऊर्जेचा निवडलेला. निबंधात किती सुरुवाती घेतल्या ते लिहा.

जाळी वेडीवाकडी असेल तर आधी स्थिरावण्याचा प्रश्न समजा. भोवरे लवकर आत येतात, पण त्रिकोणी जाळीत बसायला त्यांना फार वेळ लागतो, कारण जागा थोडी बदलल्याने ऊर्जेत जवळजवळ काही फरक पडत नाही. इथे एक सुंदर चाचणी उपलब्ध आहे आणि ती फार कमी लोक करतात. दोन मितींच्या हार्मोनिक ट्रॅपमध्ये कुठल्याही स्थिर अवस्थेत गतिज ऊर्जा अधिक परस्परक्रियेची ऊर्जा बरोबर ट्रॅपची ऊर्जा, हे नातं पाळलंच गेलं पाहिजे. ढग सगळीकडून सारखा ताणला तर कोनीय संवेग बदलत नाही, म्हणून ओमेगा या नात्यात येतच नाही. तीन आकडे छापा आणि बेरीज करा. ती जुळली नाही तर अवस्था स्थिरावलेली नाही, किंवा ग्रिड अपुरं आहे, किंवा ऊर्जा मोजणारं फंक्शन चुकलं आहे. अर्धस्थिर खड्ड्यातही हे नातं जुळतं, एवढी मर्यादा लक्षात ठेवा.

फेजमध्ये शंभर, घनतेत तीस

ढगाच्या बाहेर, जिथे घनता जवळजवळ शून्य आहे, तिथेही फेजला अर्थ असतो आणि तिथेही भोवरे असतात. त्यांना भूत-भोवरे म्हणतात. ऊर्जेत आणि संवेगात त्यांचा वाटा नगण्य असतो. आपोआप मोजणारा कोड मात्र त्यांनाही मोजतो. कमाल घनतेच्या काही टक्क्यांखालचा भाग मोजणीतून वगळा आणि किती टक्के ते नोंदवा. काठावरचे एक-दोन भोवरे त्या निवडीवर आत-बाहेर होतात.

आत येऊ पाहणारा भोवरा हा आधी भूत-भोवराच असतो. म्हणून काठाजवळच्या भुतांच्या जागा बघितल्या तर पुढचा भोवरा कुठून शिरणार हे आधीच कळतं.

खऱ्या काळात चालवताना

इथे दोनच गोष्टी सांगतो. गोल ट्रॅपमध्ये गोल ढग खऱ्या काळातही ढवळला जात नाही. ट्रॅपला काही टक्के लंबगोलपणा द्या आणि तो फिरत्या चौकटीत स्थिर धरा. आणि समीकरणात ऊर्जा झिजण्याची सोय ठेवा. निव्वळ ग्रॉस-पिटाएव्स्की समीकरण ऊर्जा जपतं, त्यामुळे भोवरे आत आले तरी ढग खवळलेलाच राहतो. २००२ साली त्सुबोता, कासामात्सु आणि उएदा यांनी समीकरणात डावीकडे काळाच्या अवकलनाला गुणणाऱ्या आय मधून ०.०३ वजा करून हे साधलं: ढग आधी लंबगोल होतो, काठावर लाटा उठतात, भुतं आत शिरतात, आणि शेवटी जाळी बसते. ही झीज घातली की अणूंची एकूण संख्या प्रत्येक पावलाला पुन्हा पूर्ववत करावी लागते, हे विसरलं तर ढग आटत जातो.

ज्यांच्याकडे खरी प्रयोगशाळा आहे

पॅरिसच्या त्या ढगाची आडवी त्रिज्या तीन मायक्रॉनच्या आत होती आणि भोवऱ्याचा गाभा ०.२ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान. ट्रॅपमध्येच फोटो काढून भोवरा नाही असं म्हणता येत नाही. ट्रॅप बंद करून ढग पसरू द्यावा लागतो, त्यांनी २७ मिलिसेकंद दिले होते, आणि फोटो फिरण्याच्या अक्षावरूनच घ्यावा लागतो. लांबट ढगात भोवऱ्याची रेषा वाकलेली असली तर गाभा धूसर दिसतो. ढवळल्यावर लगेच सोडू नका. जाळी बसायला वेळ लागतो. २००१ मध्ये एमआयटीत सोडियममध्ये १३० पर्यंत भोवरे मोजले गेले ते ढवळणं थांबवून ढग शांत होऊ दिल्यावर. आणि भोवरे येऊन लवकर मरत असतील तर ट्रॅपचा न फिरणारा, कायमचा लंबगोलपणा तपासा. तो भोवतालच्या गरम वायूला थांबवतो आणि थांबलेला वायू कंडेन्सेटला.

द्विध्रुवी वायूंवर काम करत असाल तर

वरचा घनतेचा मुखवटा, म्हणजे कमी घनतेचा भाग वगळण्याची ती मर्यादा, डिस्प्रोशियमच्या सुपरसॉलिडला (घन पदार्थासारखी नियमित रचना असूनही अतिप्रवाही असणाऱ्या अवस्थेला) लावू नका. तिथे कंडेन्सेट थेंबाथेंबांत वाटलेलं असतं आणि भोवरे थेंबांमधल्या विरळ भागातच बसतात. मुखवटा लावला की नेमके तेच गाळले जातात, आणि घनतेच्या चित्रात तर ते दिसतच नाहीत, कारण तिथे आधीच खड्डे असतात. इन्सब्रुकच्या गटाने २०२४ मध्ये अशा अवस्थेतले भोवरे ओळखले ते ढग सोडल्यावर उमटणाऱ्या व्यतिकरणाच्या नक्षीवरून. सिम्युलेशनमध्ये सोपं आहे: प्रत्येक ग्रिड चौकोनाभोवती फेजचा फेरा मोजा, आणि घनतेची मर्यादा ढगाच्या बाहेरच्या सीमेपुरतीच वापरा.

हे सगळं करूनही अडलात आणि कुणाची मदत मागायची असेल तर घनतेचं रंगीत चित्र एकटं पाठवू नका. जी, ओमेगा, पेटीचा आकार, बिंदूंची संख्या, टाइम स्टेप, सुरुवातीचं तरंगफल, थांबण्याची अट, शेवटची त्रिज्या, कोनीय संवेग, गतिज, ट्रॅपची आणि परस्परक्रियेची ऊर्जा वेगवेगळी, आणि फेजचं चित्र. एवढं समोर असेल तर बघणाऱ्याला सहसा कोड उघडावाच लागत नाही.